ही पाहुणी कुणाची?

बडोदे,
ता. ४ नोव्हेंबर १९२५

प्रिय मृदुला हिस कौशल्येचा सप्रेम नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. कार्ड कसलं, तारच म्हणायची! 'सुखरूप पोचलो, बिऱ्हाड मिळालं, पाणी खारं आहे.' एवढ्यावर आटोपलंस? बाईंची पाठ वळली की वहीचं पान फाडून मला चिठ्ठ्या पाठवणारी ती तूच ना? अगं, बदली लक्ष्मीकांतरावांची झाली आहे, तुझ्या लेखणीची नव्हे. माझं पत्र बघ, असं लिहावं.

परवाच्या रविवारी आपलं आवळीभोजन झालं. कमाटीबागेत नदीकडच्या अंगाला ती मोठी आवळी आहे ना, तिच्याखाली. तुमचं बिऱ्हाड, आमचं, शिवाय शेजारची दोन-तीन. बागेत चूल पेटवू देत नाहीत म्हणून सगळं घरून करून नेलं. तुमच्याकडून पुऱ्या, मसालेभात, मठ्ठा नि बासुंदी, माझ्याकडून भरीत आणि बाजरीच्या भाकऱ्या. चातुर्मास संपून कांदा-वांग्याची बंदी सुटली होती, तेव्हा मी भरतात हात आखडला नाही. तुझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या मथुराकाकू, आलवणाचा पदर सावरत पलीकडच्या झाडाखाली बसून हुकूम सोडत होत्या. 'त्या पानावर मीठ नाही. तिकडे पुरी पोचली नाही.' तुझे मामंजी गेल्यापासून त्या पंगतीला बसत नाहीत, पण त्यांच्या हाकेशिवाय आमची पंगत काही हलत नाही.

आता मुद्द्याचं. पानं मांडली, मंडळी बसायला लागली, तेवढ्यात वाटेवरून एक बाई चालली होती. तिशीची असेल. उंच, सावळी, विटकं जांभळं लुगडं, हातात देवळातला प्रसाद. काकूंची नजर तिच्यावर गेली आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, उभी काय? पान वाढलंय, बैस!" ती बावरली. मागे कुणी आहे का म्हणून वळून बघितलं. मग हात धुऊन गुपचूप येऊन बसली ती माझ्याच शेजारी. मी नाव विचारलं तर म्हणाली, 'अहल्या.' पुढे विचारणार होते, पण तुमच्या घरचा दंडक आडवा आला. पाहुणा जेवून उठेपर्यंत त्याला गाव-घराणं विचारायचं नाही! आणि ही बाई जेवून उठली ती थेट भांडी घासायलाच बसली.

भरीत वाढायला घेतलं तर हळूच विचारते, "यात कांदा आहे?" आहे म्हटलं. मला वाटलं, नको म्हणेल. तिनं बोटावर घेऊन चाखलं, डोळे मिटले, आणि मग दोनदा मागून घेतलं. आमच्याकडच्यांनी लग्न झाल्यापासून माझ्या भरताला अशी दाद दिलेली नाही.

निघताना काकूंनी तिला सांगून टाकलं, "रविवारी छाणीच्या मळ्यात उजाणी आहे, जेवण तिथेच. बागेच्या दाराशी थांब, आमची बैलांची डमणी तुला घेईल." तेव्हा ही तुमच्याकडची कोण, ते मला लवकर कळव. काकूंना विचारायची सोय नाही. त्यांच्या माहेरची निघाली तर 'माझ्या माणसांची उलटतपासणी घेतेस होय?' म्हणून माझ्यावरच उलटतील.

तुझी,
कौशल्या


अमरेली,
ता. १३ नोव्हेंबर १९२५

प्रिय कौशल्या,

तुझं पत्र वाचून मी इथे एकटीच हसत बसले. हे म्हणाले, हवा मानवली नाही वाटतं.

अगं वेडे, आमच्याकडची अहल्या नावाची कुणीही नाही! ना सासूबाईंच्या माहेरची, ना सासरची. आणि गंमत ऐक. तुझ्या पत्राच्या आदल्याच दिवशी वत्सलाचं पत्र आलं. माझी धाकटी जाऊबाई काय लिहिते? 'कौशल्यावहिनींची नणंद पुण्याहून आली आहे, फार गोड स्वभाव, सासूबाईंनी तिलाही पंगतीला बसवून घेतलं.' म्हणजे तुम्ही समजलात आमची, आम्ही समजलो तुमची, आणि ती बाई बासुंदी पिऊन गेली!

कोण असेल गं? मला तर चैन पडेना. हे म्हणतात, एखाद्या मुलाची आई मुली बघत हिंडत असेल. पण तिशीच्या बाईला लग्नाचा मुलगा कुठून? मला वाटतं, कुणा बड्या घरची असेल, कंटाळून एकटी बाहेर पडलेली. पण मग भांडी कशाला घासेल? तू नीट बघून लिही. चेहरा, बोलणं, हातांत बांगड्या कुठल्या, काय खाते, काय सोडते, सगळं. इथे मला दुसरा उद्योग काय आहे? रविवार आला की हे कचेरीतले कागद घरी घेऊन बसतात आणि मी खाऱ्या पाण्यात न शिजणारी डाळ ढवळत बसते. तुम्ही तिकडे डमणीत बसून छाणीला निघाला असाल.

आता एक काळजीचं. वत्सला 'बरी आहे' एवढंच लिहिते. तिला अन्न जातंय का? गेल्या साली तिचं बाळ महिन्याचं होऊन गेलं, तेव्हापासून ती पानावर बसते आणि चिवडून उठते. या खेपेला सगळं नीट पार पडलं पाहिजे गं. सासूबाई दरारा दाखवतात, पण आतून घाबरल्या आहेत. मी इतक्या लांब. तुझ्यावरच भिस्त आहे.

तुझी,
मृदुला


बडोदे,
ता. ८ डिसेंबर १९२५

प्रिय मृदुला,

सप्रेम नमस्कार. बस नीट मांडी घालून, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

तुझं पत्र आल्यावर मी ठरवलं होतं की लगेचच्या रविवारी तिला धरून विचारायचंच. पण पुन्हा छाणीच्या मळ्यात पोचलो आणि सगळं राहूनच गेलं. तिथे गोवऱ्यांच्या विस्तवात वांगी भाजली, गरम रोटले, लोण्याचा गोळा, हिरव्या लसणीची चटणी. मळेवाल्या काशीबेनने ताजा ऊस-गूळ आणून ठेवला. वत्सला नेहमीप्रमाणे पान पुढे घेऊन खाली मान घालून बसली होती. काकू लांबून बघत होत्या. तेवढ्यात ही अहल्या उठली, रोटल्याचा पापुद्रा कुस्करला, त्यात दूध-गूळ घातलं, नि वत्सलाच्या शेजारी बसून म्हणते कशी, "मी एक घास, तुम्ही एक घास. बघू कोण हरतं." मृदुला, वत्सला हसली! मी तिला वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं. अख्खा रोटला संपला आणि पोटातही राहिला. त्या दिवसापासून दर रविवारी ती अहल्येच्या हातचंच जेवते. काकू तर म्हणायला लागल्या आहेत, "हिच्या हाताला गुण आहे. अशी सवाष्ण घरात यायला भाग्य लागतं."

आता अशा बाईला 'तू कोण गं?' असं कुठल्या तोंडानं विचारू? काकूंच्या कानावर गेलं तर मलाच डमणीतून उतरवतील.

पण डोळे उघडे ठेवले आहेत हं. हे घे तुला हवं होतं ते. बांगड्या हिरव्या काचेच्या, पण हाताला सैल, दुसऱ्या कुणाच्या मापाच्या वाटतात. कुंकू मोठं, मात्र कधी मधोमध नाही, सदा एका अंगाला सरकलेलं. डाव्या भुवईत आडवी खोक आहे, लहानपणची. मालक कुठे असतात विचारलं तर 'फिरतीवर' म्हणते आणि लगेच दुसऱ्याच विषयावर जाते. कांदा-लसूण असं चाखत चाखत खाते की जणू नवाच पदार्थ. डमणी घरापर्यंत नेऊ देत नाही. 'मांडवीच्या चौकात सोडा, मला थोडं काम आहे,' की उतरली.

आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे, निघताना आपण बायका एकमेकींना हळदकुंकू लावतो ना? त्या वेळी ही कधीच नसते. कधी विहिरीवर हंडा विसळत असते, कधी मुलांना शोधायला गेलेली असते. दुसऱ्या कुणी लावलं तर मान खाली घालून लावून घेते, पण स्वतः होऊन कुणाला बोट लावत नाही. एकदा मी मुद्दाम करंडा तिच्या हातात दिला. तिनं तो असा चटकन खाली ठेवला की मी बघतच राहिले.

तू हुशार ना? लाव शोध!

तुझी,
कौशल्या


अमरेली,
ता. २० डिसेंबर १९२५

प्रिय कौशल्या,

पत्र मिळालं. वत्सला जेवू लागली हे वाचून जीव भांड्यात पडला.

त्या बाईचं आता पुरे झालं. असेल कुणी गरीब घरची, जेवायला मिळतं म्हणून येत असेल. तू उगाच तिच्या मागे लागू नकोस. इथे थंडी बेताची आहे. यांना कचेरीत काम फार. मला दोन दिवस डोकेदुखी होती, आता बरी आहे.

सर्वांस नमस्कार.

मृदुला


बडोदे,
ता. ३ जानेवारी १९२६

मृदुला,

'प्रिय' लिहिलं नाही हे लक्षात आलं असेलच. रागावले आहे मी.

शोध लाव म्हणून मला चढवलंस, आणि आता 'पुरे झालं'? थंडी बेताची आणि डोकं दुखतं? मला काय पोस्टातून पिठलं पाठवून फसवतेस होय? तुला काहीतरी कळलं आहे आणि तू ते लपवते आहेस. तुझ्या-माझ्यात हे कधी नव्हतं.

गेल्या रविवारी मी काय केलं माहीत आहे? ती मांडवीला उतरली, आणि 'मला सुया घ्यायच्या आहेत' म्हणून मीही उतरले. ती पुढे, मी मागे. गावातल्या वाडी भागाकडे चालली. एका देवळात शिरली. मी बाहेर उभी. मंडळी निघाली, ही निघेना. मी म्हटलं, प्रदक्षिणा घालत असेल. शेवटी आत गेले तर मागच्या दारानं पसार! परत येताना वाडीतल्या त्या पोळींत, एकीतून दुसरी फुटणाऱ्या गल्ल्यांत, अशी चुकले की एका भाजीवाल्या बेननं हाताला धरून मला रस्त्यावर आणून सोडलं. आमच्याकडचे म्हणाले, फौजदारी खात्यात अर्ज करून टाक.

आता ऐक, म्हणजे तुझं मौन किती महाग पडेल ते कळेल. वत्सलाला सातवा लागला. काकूंनी चोवीस तारखेचा रविवार धरला आहे. डोहाळजेवण बागेतलं, त्याच आवळीखाली. फुलांचा झोपाळा बांधायचा, पाच पक्वान्नं, आणि ओटी भरायला पाच सवाष्णी. पहिली कोण? तर अहल्या! काकूंनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. 'हिच्या हातानं सुनेच्या पोटात अन्न गेलं, हिनंच पहिली ओटी भरायची.' आणि ही बाई, सुख वाटायचं सोडून, पांढरीफटक पडली. 'मी नको, दुसरं कुणी' म्हणत राहिली. काकूंना तो विनय वाटला. मला वाटला नाही.

काय ते सरळ लिही. नाहीतर मी काकूंनाच सांगते की ही आपल्यापैकी कुणाचीच नव्हे.

कौशल्या


अमरेली,
ता. १४ जानेवारी १९२६

प्रिय कौशल्या,

रागव, तुला हक्क आहे. पण हे पत्र एकटी असताना वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

इथे आमच्या शेजारी नीराबाई आहेत, मास्तरांच्या पत्नी. त्यांचं माहेर बडोद्याला, वाडीत. तुझ्या छाणीच्या पत्रातल्या खुणा मी त्यांना गमतीनं सांगत होते. आधी भुवईतली खोक सांगितली आणि त्या म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमच्या पोळीतली अहल्या! माझ्यासमोरच झोपाळ्यावरून पडली होती, मी होते ना तिथे." मी विचारलं, काय करतात त्यांचे मालक? नीराबाई म्हणाल्या, "मालक कुठले? तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तिचं. भावाकडे असते. भावानं केस काढू दिले नाहीत, एवढंच. एकवेळ जेवते, तेही सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात."

तुझ्या पत्रात तिथेच बांगड्यांचं नि कुंकवाचं लिहिलेलं होतं. मी पत्र मिटलं आणि म्हटलं, छे, ही दुसरी कुणीतरी, हिला दोन मुलं आहेत. धडधडीत खोटं बोलले. नीराबाईंच्या तोंडून ते वाडीत पोचलं असतं तर भावानं तिला घराबाहेरच काढलं असतं. म्हणून तुलाही लिहिलं नाही. तुझ्या पोटात काय राहतं ते मला ठाऊक आहे. यांनाही सांगितलं नाही.

कौशल्या, मला त्या बाईची कीव येते. खरंच येते. एका कांद्याच्या भरतासाठी, चार माणसांत बसून हसण्यासाठी, कुंकू लावून घरातून निघायचं म्हणजे केवढं धाडस! मी रात्रंदिवस तिचाच विचार करते आहे. पण ओटी? माझ्या जावेची ओटी, जिचं एक बाळ गेलं आहे? मी स्वतःला सुधारक म्हणवते, सरकारी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचते, आणि इथे माझ्या छातीत धडकी भरली आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर मी जन्मभर म्हणेन की मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आणि सगळे त्या बापडीला जिवंत सोडणार नाहीत.

तू तिला एकटीला गाठ. म्हणावं, त्या दिवशी आजारी पड, गावाला जा, काहीही कर, पण येऊ नकोस. सासूबाईंना कळू देऊ नकोस. वत्सलाला तर मुळीच नको. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
मृदुला


बडोदे,
ता. २६ जानेवारी १९२६

प्रिय मृदुला,

तुझं पत्र जाळलं. तू सांगितलंस ते केलं नाही. आधी सगळं वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

खोटं कशाला बोलू? पत्र वाचून मीही घाबरले. राग आला तिचा. आम्हाला फसवलं, काकूंना फसवलं, माझ्या धाकट्याला मांडीवर घेऊन भरवलं. आठवडाभर मनात जुळवणी करत होते, तिला कसं नि काय सुनवायचं. पण वाडीत तिच्या दारी जाऊन गाठायची तर पोळीभर बोभाटा. म्हणून रविवारी सकाळी मीच सगळ्यांच्या आधी बागेच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

ती आली. माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "कळलं ना तुम्हाला?"

मी मान हलवली. सुनवायचं सगळं विसरले बघ.

म्हणाली, "त्या दिवशी देवळात गर्दी होती. एका पोरीनं येईल तिच्या कपाळाला देवीचं कुंकू लावायचा सपाटा चालवला होता. मलाही लावलं. तिला काय माहीत! पुसायला पाणी मिळेपर्यंत बागेतून निघाले होते. तेवढ्यात काकूंनी हाक मारली. कौशल्यावहिनी, 'पान वाढलंय, बैस' असं मला तेराव्या वर्षापासून कुणी म्हटलं नव्हतं. मी बसले."

"मग पुन्हा कशाला आलात?" मी विचारलं.

"बोलावलं म्हणून," ती म्हणाली. "दर वेळी ठरवायची, हा शेवटचा रविवार. पहिल्या दिवशी मोकळ्या हातांकडे कुणी बघितलं नाही, आता वहिनीच्या जुन्या बांगड्या कनवटीला बांधून आणते. देवळात घालते, देवळात काढते. पण ओटी मी भरणार नाही. ते सांगायलाच आले आहे. पळून गेले असते, तर वत्सलावहिनींना वाटलं असतं की मी त्यांना टाकलं. आणि दादाला सकाळीच सगळं सांगून निघाले आहे. तो नुसता उठून आत गेला. आता परत घरात घेतो की नाही, बघायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं. मी तुझं ऐकून तिला तिथूनच परत पाठवू शकले असते. ती गेलीही असती. पण मला वाटलं, ओटी वत्सलाची आहे, पोर वत्सलाचं आहे, तेव्हा ठरवू दे तिचं तिला. तुला नि मला कुणी पंच नेमलंय? घेऊन गेले तिला.

वत्सला झोपाळ्यावर बसली होती. हिरवी साडी, मोगरा कुठला या दिवसांत, म्हणून शेवंतीच्या फुलांची वाडी भरलेली. तुझी जाऊ इतकी देखणी दिसते हे मला माहीत नव्हतं. बायका ताटं मांडण्यात गुंतल्या होत्या. अहल्येनं तिच्यापुढे खाली बसून चार वाक्यांत सांगून टाकलं. आढेवेढे नाहीत, रडणं नाही.

वत्सलानं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून, अगदी शांत आवाजात म्हणाली, "गेल्या खेपेला पाचही जणी सवाष्णीच होत्या ना, वहिनी? चांगल्या लेकुरवाळ्या, निवडून आणलेल्या?"

त्या पाचांत मी होते, तू होतीस.

ती अहल्येला म्हणाली, "मला तुमच्याच हातची ओटी हवी. पण हे कुंकू लावून नको. चोरून कशाला? आहात तशा या."

वत्सलानं स्वतःचा पदर पुढे केला आणि तिचं कपाळ पुसलं. बांगड्या तिनं स्वतः काढल्या. आणि मग ती तशीच, मोकळ्या कपाळानं, सुपातले तांदूळ घ्यायला सगळ्या बायकांच्या मधून चालत गेली.

तुमच्या त्या शेजारणी, मोठ्या वेण्या घालून आल्या होत्या त्या, 'शिव शिव' म्हणत उठल्या नि पोरांना ओढत चालत्या झाल्या. अजून दोघी गेल्या. आणि झाडाखालून काकूंचा आवाज आला, "थांब!"

काकू उठून आल्या. अहल्येसमोर उभ्या राहिल्या. तिच्या कपाळाकडे किती वेळ बघत होत्या.

"मला फसवलंस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही हाक मारलीत," अहल्या म्हणाली. "मला नाही म्हणवलं नाही."

"केव्हापासून?"

"तेरावं सरत होतं."

"आणि आता घरी?"

मीच मध्ये पडून सांगितलं, भावाला कळलं आहे, घरात घेईल की नाही याचा भरवसा नाही. काकूंनी तोंड फिरवलं. वाटलं, आता हात धरून हाकलतात. पण त्या पुटपुटल्या, "नाही घेतलं तर राहू दे. माझ्या स्वयंपाकघरात एक पाट जास्त मांडायला जागा आहे." आणि मग मोठ्यानं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "सूप घेऊन उभी काय राहिलीस? भर!"

अहल्येनं ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. वत्सलानं पदर दोन्ही हातांनी धरला होता. दोघींच्याही डोळ्यांना धार. दुसरी मी भरणार होते. मी सूप उचललं तर काकूंनी हात आडवा केला.

त्यांना काय हवंय ते मला आधी कळलंच नाही. त्यांनी करंडा उघडला. आलवण नेसल्यापासून ज्या बाईनं कुंकवाला बोट लावलं नाही, त्यांनी बोट बुडवलं आणि सुनेच्या कपाळाला लावलं. थोडं तिच्या नाकावर सांडलं. मग ओंजळ भरून तांदूळ घेतले. अर्धे पदरात पडले, अर्धे गवतात. "गेल्या खेपेला मला तुझ्याजवळसुद्धा येता आलं नाही गं," एवढंच म्हणाल्या, आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चल, ऊठ आता. पोटातल्या पोराला भूक लागली असेल."

तुझी,
कौशल्या